फ्रेंच साहेब अडखळायचा तेव्हा

मी एका माणसाचा सूड घेतला. आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढे वाचताना कोणाला माझी दया यायची. तो माणूस माझा प्राध्यापक. फ्रेंच शिकवायचा. त्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण मेल्यावर माणूस चांगला होतो असं मी काही मानत नाही.

आम्ही उरणचे, मोरा बंदराच्या बाजूचे कोळी. बाप होडीवर, आय मासळी विकायची. पन्नास सालानंतरच्या त्या दिवसांत आमच्या आळीतून कॉलेजात गेलेली मी पहिली मुलगी. लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरायचं आणि माझगावात मावशीकडे राहायचं, असं ठरलं. फ्रेंच घेतलं ते काही प्रेमाने नाही. संस्कृतची माझी बोंब होती आणि फ्रेंचला मार्क पडतात असं कोणीतरी बापाच्या कानात घातलं होतं. लिहिण्यात मी चांगली निघाले. धातू म्हणू नका, रूपं म्हणू नका, सगळं तोंडपाठ. बोलायला उभी राहिले की मात्र घोटाळा. एक शब्द टाकला की पुढचा सापडेपर्यंत मी गप्प. तोंड बंद, डोळे छताकडे.

सरांचं फ्रेंच म्हणजे नळाची धार. एकदा सोडली की थांबायचं नाव नाही. ते फ्रान्सला कधी गेले नव्हते आणि कुठल्या फ्रेंच माणसाशी पोटभर बोललेही नव्हते, हे मला फार उशिरा कळलं. त्यांचा कायदा एकच. थांबला तो नापास. वर्गात कोणी अडखळलं की ते टेबलावर पेन्सिल आपटायचे आणि अडलेला शब्द स्वतःच भरून टाकायचे. दुसऱ्याच्या बोलण्यात पडलेली भोकं त्यांना सहनच व्हायची नाहीत. बाकीच्यांना नुसती पेन्सिल, मला पेन्सिल आणि वर, "रुतली होडी." वर्ग हसायचा. पुढे पुढे सरांना म्हणायचीही गरज उरली नाही, मी थांबले की मागच्या बाकावरून आवाज यायचा, रुतली. एकदा म्हणाले, "कोळणीच्या टोपलीतून मासा निसटावा तसे हिचे शब्द निसटतात." माझ्या आयच्या टोपलीतून आजवर कोणाच्या बापाने मासा निसटलेला पाहिला नव्हता. हे तिथल्या तिथे सुनवायला हवं होतं. तेव्हा जीभ उचलली नाही, त्याचा राग मला अजून आहे.

बी.ए.च्या तोंडी परीक्षेला समोर तेच. प्रश्न सोपा, तुझ्या गावाविषयी सांग. समुद्र झाला, होड्या झाल्या आणि जाळ्याशी येऊन अडले. शब्द येत होता, अगदी ओठावर होता. मी छताकडे बघत थांबले. या वेळी सरांनी शब्द भरला नाही की पेन्सिल आपटली नाही. खिशातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि माझ्या तोंडाकडे बघत बसले. ते जितके बघत होते तितकं माझं तोंड घट्ट मिटत गेलं. मग म्हणाले, "जा. ओहोटी लागली तुझी."

नापास. लेखी परीक्षेत उत्तम मार्क आणि तोंडी परीक्षेत नापास, म्हणजे बी.ए. गेलं. बाप म्हणाला, झालं तेवढं पुरे झालं. आय मात्र ओट्यावर उभी राहून मुंबईच्या दिशेने बोटं मोडत होती. "मुडदा बशिवला त्याचा. माजे पोरीचं वरीस खाल्लं मेल्यानं." मी रडले नाही. त्या दिवशी मनात एक गाठ मारली आणि ती सोडवायची घाई केली नाही.

पुढचं वर्षभर मी आयबरोबर बाजारात बसत होते. तिथे आयने मला जे शिकवलं ते कॉलेजात कोणी शिकवलं नसतं. गिऱ्हाईक आलं, पापलेट उचलून कल्ला उघडून बघितला, भाव विचारला. मी भाव सांगायची आणि लगेच घाबरून पुढे बोलत सुटायची, ताजं आहे, सकाळचंच आहे, बघा ना. आय मांडीला चिमटा काढायची. "भाव सांगलास ना? आता थोबाड मीट. गिऱ्हाईक आपला आपन बोलतं." खरंच बोलायचं. आय भाव सांगून दुसरीकडे बघत बसायची, आणि समोरच्याला ती शांतता सोसायची नाही. तो आपणच तोंड उघडायचा, आपणच भाव वाढवायचा, आपणच टोपलीत अडकायचा.

मग मी टायपिंग शिकले. साठ साल उलटलं आणि ठाणे-बेलापूर रस्त्याला कारखाने यायला लागले. आता जिला सगळे नवी मुंबई म्हणतात तिथे तेव्हा भाताची खाचरं, मिठागरं आणि गुडघाभर चिखल. महाप्याच्या बाजूला एका औषधी रसायनांच्या कारखान्याचं काम चाललं होतं. यंत्रं फ्रान्सची, ती बसवायला फ्रान्सचेच चार साहेब, आणि त्यांचा टाइपरायटरही तिकडचाच. त्याची अक्षरं उलटीपालटी, ए हवा तिथे क्यू. त्याच्यावर बसायला कोणी तयार होईना. मी बसले. ठाण्याला चेंदणीत मामाकडे राहायची आणि कंपनीच्या गाडीने जायची.

माझ्या टेबलामागे अर्ध्या उंचीची फळ्यांची भिंत होती आणि पलीकडे साहेब लोक बसायचे. त्यांचा मुख्य साहेब साठीचा, जाडजूड, तोंडात कायम विझलेली सिगारेट. पहिल्या दिवशी त्याचं बोलणं कानावर पडलं आणि माझे हात थांबले. तो माणूस अडखळत होता. दर दोन-चार शब्दांनी. "लाऽऽ" म्हणायचा आणि थांबायचा, मग "अऽऽ" करून ओठ पुढे काढून आवाज तसाच धरून ठेवायचा, आणि बऱ्याच वेळाने शब्द यायचा, 'पंप'. एवढ्याशा पंपासाठी एवढा वेळ. आमच्या वर्गात असता तर पेन्सिलीचं टोक मोडलं असतं.

आणि त्या थांबण्याचं कोणालाच काही वाटत नव्हतं. बाकीचे तिघे निवांत वाट बघायचे. आपण नाही का मराठीत "ते हे आपलं… काय ते…" करत वेळ काढतो, आणि ऐकणारा समजतो की याचं अजून संपलेलं नाही, तसंच ते. साहेबाचा "अऽऽ" चालू असेपर्यंत जागा त्याची, मध्ये कोणी पाय टाकायचा नाही. कधी कधी "वी, वी" म्हणजे हो, हो म्हणायचा, पण त्या हो मध्ये होकार नसायचा. ऐकलं, पण थांब जरा, एवढाच त्याचा अर्थ. आवाज पुरता बंद झाला, गालात हवा भरून फुस्स केली, की मग समजायचं याचं बोलून झालं. तेव्हा दुसरा बोलायचा.

मी वर्षभर ऐकत होते. हळूहळू माझ्या ध्यानात आलं की थांबणं हा माझा गुन्हा नव्हताच. मी तोंड मिटून थांबायची, तेवढंच चुकत होतं. त्या परीक्षेत छताकडे न बघता सरांच्या डोळ्यांत बघून नुसतं "अऽऽ" धरून ठेवलं असतं, तर फ्रान्समधला कोणीही माणूस जाळ्यापर्यंत खुशाल थांबला असता. ज्याला हे माहीत नव्हतं त्याने माझं वर्ष खाल्लं. गाडीतून ठाण्याला परत जाताना मी हे मनाशी घोळवायची आणि दात आवळायची.

जेवणाच्या सुट्टीत साहेब माझ्याशी बोलायला लागला. मी अडखळायची, तोही अडखळायचा, दोघांचं छान जमायचं. आयच्या मासळीबद्दल विचारायचा. मधेच थांबून छपराच्या पत्र्याकडे बघत काहीतरी आठवत बसायचा, "अऽऽ" चालू, आणि मी थांबायची. घरच्या माणसासमोर माणूस जसा बोलतो तसा तो माझ्यासमोर बोलायचा. मला त्याचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू.

यंत्रं उभी राहत आली तेव्हा कारखान्याला दुभाषी लागला. तोवर साहेबाच्या मोडक्या इंग्रजीवर भागत होतं, आता मॅनेजरला त्याच्याबरोबर बसून पक्क्या गोष्टी ठरवायच्या होत्या. बैठकीत दोघांच्या मधे एक खुर्ची टाकणार होते. ती नोकरी कायमची होती. मी मॅनेजरकडे गेले, म्हटलं, मला बसवा. तो चांगला माणूस होता, पण हसला. "बाई, तुम्ही बी.ए. पण नाही. मुंबईहून प्राध्यापक येतायत. तुम्ही फक्त टाइप करा."

प्राध्यापक कोण, ते ओळखलंच असेल. पांढरा कोट घालून उतरले, माझ्याकडे बघितलं, दोन पावलं पुढे गेले आणि वळले. "अरे, तू तीच ना? रुतलेली होडी इथे लागली का?" मग मॅनेजरला सगळी गोष्ट हसत हसत सांगितली, टोपलीतल्या माशासकट. मॅनेजर माझ्याकडे बघेना. मी म्हटलं, "बसा सर, चहा सांगते." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. चहा आणून दिला. तेव्हाच ठरवलं, या माणसाला या खुर्चीवरून खाली ओढायचं आणि तिथे आपण बसायचं.

सुरुवातीला मला काही करावं लागलं नाही. पहिल्याच दिवशी दिसलं की सर इथेही वर्गच घेतायत. साहेब "अऽऽ" करून थांबला की यांना वाटायचं तो अडला. लगेच शब्द पुरवायचे. साहेब चकित होऊन बघायचा, "वी, वी" म्हणायचा आणि पुन्हा आपला "अऽऽ" धरायचा. पण सर तोवर मॅनेजरकडे वळून स्वतःच भरलेला शब्द इंग्रजीत सांगून मोकळे. जन्मभर पोरांच्या बोलण्यातली भोकं बुजवलेल्या माणसाला समोरचा पोर नाही हेच कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने मुख्य प्रश्न विचारला. कारखाना कधी सुरू होणार? साहेबाने नकाशावर बोट ठेवलं. "लागतीलऽऽ… अऽऽ…" बोट एका पंपावरून दुसऱ्या पंपावर सरकत होतं. सरांना कुठला धीर. "तीन आठवडे," ते फ्रेंचमध्ये म्हणाले. "वी, वी… अऽऽ…" साहेबाचं बोट अजून सरकतच होतं. सर वळले. "तीन आठवडे म्हणतायत." मॅनेजर खुर्चीतून उठलाच. फोन मागवला, मुंबईला मालकांना कळवायला सुरुवात झाली, सर त्याच्या कानाशी लागून बोलत राहिले. त्या गडबडीत साहेबाचं वाक्य पुरं झालं. जहाजाने यायचं सामान अजून निघालेलं नाही, ते धरून दहा आठवडे. फुस्स. झालं त्याचं बोलून.

ते कोपऱ्यात टाइप करत बसलेल्या मी एकटीने ऐकलं. माझे हात टाइपरायटरवर थांबले. साहेबाने माझ्याकडे बघितलं, मान डोलावली, म्हणजे लिहिलंस ना. मी मान डोलावली. आणि टाइप केलं, तीन आठवडे.

बैठकीचा इंग्रजी कागद मॅनेजरला त्याच दिवशी दिला. फ्रेंच कागद साहेबाला द्यायचा होता, तो मी केलाच नाही. तो विचारायचा तेव्हा रिबन फाटली म्हणून सांगायची. एकदा म्हटलं, फ्रेंच अक्षरांची कळ अडकली आहे. तो म्हणायचा, काही घाई नाही. मला एकदाही कसंतरी झालं नाही. उलट रात्री झोप छान लागायची.

तीन आठवडे धरून उद्घाटनाच्या पत्रिका छापल्या. मंत्री येणार, मालक येणार, ठाण्याहून मांडववाला आला. बांबू उभे राहिले, पताका लागल्या. साहेब सकाळी गाडीतून उतरला आणि मला विचारलं, "कोणाचं लग्न आहे?" मी म्हटलं, "मॅनेजरसाहेबांना विचारा."

त्यानंतर जी बोंबाबोंब झाली ती फाटकाबाहेर ऐकू गेली असेल. दुपारपर्यंत सरांना मुंबईहून आणलं. खोलीत मॅनेजर, साहेब, सर आणि कागद घेऊन मी. सर लालबुंद. "यांच्या तोंडचे शब्द आहेत. हो म्हणाले हे, दोनदा." साहेब म्हणत होता, मी दहा म्हणालो. दोघेही एकमेकांच्या बोलण्यावर चढत होते. शेवटी मॅनेजर माझ्याकडे वळला. "बाई, तुम्ही होतात ना इथे? काय झालं ते सांगा. दोन्ही भाषांत सांगा."

मी उठून उभी राहिले. आधी फ्रेंचमध्ये. छताकडे बघितलं नाही, सरळ सरांच्या डोळ्यांत बघितलं. म्हटलं, साहेबांनी नकाशावर बोट ठेवलं आणि म्हणाले, लागतीलऽऽ… अऽऽ… आणि तो "अऽऽ" धरून ठेवला. भाव सांगून आय बसायची तशी निवांत उभी राहिले. खोलीत पंख्याचा तेवढा आवाज. मला ठाऊक होतं सरांना ते सोसायचं नाही. मी मनात मोजायलाही लागले नव्हते.

"तीन आठवडे," सर म्हणाले.

मी मॅनेजरकडे वळून इंग्रजीत सांगितलं, "हे आत्ता झालं ना, अगदी असंच त्या दिवशी झालं." मॅनेजरने डोळे मिटले. साहेबाने कपाळाला हात लावला. सरांच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला, आणि आलं तेव्हा त्यांचा चेहरा कसा उतरत गेला ते मी डोळे भरून पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. शब्द येईना. मी भरला नाही. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात गोड क्षण. लग्न, मुलं, सगळं नंतर झालं, पण त्याची सर कशाला आली नाही.

सर गेले ते परत आले नाहीत. पुढे त्यांनी कॉलेजही सोडलं असं कानावर आलं, त्याचं कारण मला माहीत नाही आणि मी विचारलं नाही. मॅनेजर तिथल्या तिथे म्हणाला, "उद्यापासून मधल्या खुर्चीवर बाई बसतील." मी कागद गोळा करत होते. साहेब जाता जाता माझ्या टेबलापाशी थांबला.

"तू दहा ऐकलं होतंस," तो म्हणाला.

आता "अऽऽ" करायला हवा होता. त्याने वाट बघितली असती. रिबन, कळ, गडबड, काहीही सांगता आलं असतं, आणि त्याने कदाचित मानलंही असतं. माझं तोंड पुरतं मिटलेलं राहिलं. तो माझ्याकडे बघत होता, मी टाइपरायटरकडे. मग त्याने मान डोलावली आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी खुर्चीवर बसले. साहेब आला, खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि वाचायला लागला. एक वाक्य वाचायचं, थांबायचं, मी इंग्रजीत सांगायचं, मग पुढचं. शब्द स्वच्छ, कुठे अडणं नाही, ओढणं नाही. मला वाटलं पहिला दिवस म्हणून असेल. तिसऱ्या दिवशीही कागद. आठव्या दिवशीही. मॅनेजर खूश, म्हणायचा, बाई, तुम्ही आल्यापासून साहेब किती नीट बोलायला लागला. जेवणाच्या सुट्टीत फळ्यांपलीकडून त्याचा "अऽऽ" ऐकू यायचा, आणि मी आत पाऊल टाकलं की तो वाक्य पटकन संपवून माझ्याकडे बघून नमस्कार करायचा. आयच्या मासळीबद्दल परत विचारलं नाही.

सरांचं केलं त्याचा मला आजही पस्तावा नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करेन. पण त्या नोकरीचं कोणी कौतुक केलं की मी विषय बदलते. यंत्रं सुरू व्हायला खरोखरच दहा आठवडे लागले. रोज मी त्या माणसापासून हातभर अंतरावर बसत होते, आणि त्यातल्या उरलेल्या आठवड्यांत तो माझ्यासमोर एकदाही अडखळला नाही.